विरजणाच्या अंतरावर

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये मराठी वस्ती नेमकी कोणी सुरू केली, यावर मंडळात दोन तट आहेत, आणि आपल्या आधी कोणी आलं होतं हे दोन्ही तटांना फारसं आवडत नाही. खरं म्हणजे त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. सगळ्यांच्या आधी मुरलीधर सबनीस आले. पन्नासएक वर्षांपूर्वी, शहर अजून कागदावर आणि चिखलात होतं तेव्हा, पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं हे ठरवणाऱ्या इंजिनिअरांमध्ये ते होते. मग लीलावतीकाकू आल्या, मग सुश्रुत झाला, आणि पुढची कित्येक वर्षं मिल्टन कीन्समधला अखिल मराठी समाज म्हणजे हे तिघंच होते.

नागपूरचा गिरीश आला सोळा वर्षांपूर्वी, बँकेच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. तोवर समाज वाढून चार घरांचा झाला होता. गिरीशला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. भाड्याचं घर, नवं लग्न, कुणाची ओळख नाही आणि बाहेर नोव्हेंबर. चार वाजता अंधार पडायचा आणि अक्षया स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडायची. अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. दारात कानटोपी घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ उभे होते, आणि त्यांच्या हातात ताटलीने झाकलेली स्टीलची वाटी होती.

"विरजण आहे," ते म्हणाले. "दूध कोमट करून घाला आणि रेडिएटरजवळ ठेवा, नाहीतर इथे आठवडाभर दही लागायचं नाही. मी सबनीस, मागच्या रस्त्यावर राहतो. दुकानदार म्हणाला, कुणीतरी ज्वारीचं पीठ विचारून गेलं. म्हटलं, आपलंच माणूस असणार."

पुढच्या रविवारी ते दोघांना फिरायला घेऊन गेले. नव्याने आलेल्या प्रत्येक घराला ते असं नेत, आणि नेत ते पायीच. ज्या शहरात लोक दूध आणायलाही गाडी काढतात, तिथे हा माणूस लाल फरशीच्या पायवाटांवरून तासन्‌तास चालायचा. शेवट ठरलेला असे, ब्रॅडवेलचं जुनं चर्च. नव्या शहराने पोटात घेतलेल्या जुन्या खेड्यांपैकी ब्रॅडवेल एक. चारही बाजूंनी मोठे रस्ते, आणि मधोमध ताटात वाटी ठेवावी तसं जुनं गाव.

"शहर काही एकदम उगवत नाही," सबनीसकाका सांगत. "आधी ओढा असतो. ओढा उथळ असला की गुरं उतरतात. गुरांमागून माणूस येतो. तो टिकला की त्याच्या आधाराने दुसरा राहतो. मग दोन वाटा तिथे भेटायला लागतात. वाटा भेटल्या की कुणीतरी काहीतरी विकायला बसतं. देवाला घर बांधतात ते सगळ्यात शेवटी."

"आणि तो पहिला माणूस?" अक्षयाने विचारलं होतं.

"त्याचं नाव कुणाला ठाऊक? आणि ते बरंच आहे. गाव त्याचंच राहिलं असतं तर वाढलं नसतं," असं म्हणून काका मनापासून हसले होते.

चर्चच्या मागून एक जुनी गल्ली निघायची. पूर्वी ती पुढच्या खेड्यापर्यंत जायची, आता मोठ्या रस्त्याच्या भरावाला येऊन थांबायची. तिथे आले की काकांचं बोलणं मंदावायचं. "ही आम्हीच तोडली," ते म्हणत. "नकाशावर अगदी बारीक रेघ होती रे. खोडरबराने पुसली. त्या रेघेवरून कुणी कुणाकडे जात असेल, हे काही नकाशात दिसत नाही." मग पुढे चालू लागत आणि वस्तीची आपली व्याख्या ऐकवत. विरजण मागायला ज्या घरी जाता येतं तिथवर वस्ती. ज्या घरी जायला गाडी काढावी लागते, पण गेल्यावर विरजण मिळतं, ते गाव. आणि दह्याचा डबा विकत घेऊन मोकळे होतो, ते शहर.

ही व्याख्या सगळ्यांची पाठ झाली आणि समाज मात्र तिच्या पायऱ्या भराभर चढत गेला. चार घरांची बारा झाली. बारांपैकी कुणाच्या तरी मुलाला चांगली शाळा मिळाली, म्हणून त्या शाळेच्या भोवती आणखी वीस झाली. मग कढीपत्ता रोज मिळू लागला. मग ढोल-ताशाचं पथक निघालं, आणि ढोलाच्या आवाजाबद्दल कौन्सिलकडे पहिली तक्रार गेली, तेव्हा आपण इथले झालो असं सर्वांना वाटलं. मग मंडळ, मग घटना, मग उपसमित्या, मग पुणेकरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि बाकीच्यांचा एक. आता गणपतीला हॉलमध्ये उभं राहिलं की निम्मे चेहरे अनोळखी असत. गिरीशला याचा अभिमान होता, आणि तो का नसावा? अध्यक्ष तोच होता. या सोळा वर्षांत त्याच्या घरी अनुया जन्मली, मोठी झाली, आणि मराठीत "माझा आई आली" म्हणू लागली. काका तिला शाबासकी द्यायचे. निदान म्हणते तरी, म्हणायचे.

मग मंडळाने स्वतःची वास्तू घ्यायचं ठरवलं. काकांनी एक जागा सुचवली होती, ब्रॅडवेलजवळचं, चर्चच्या रविवारच्या शाळेचं बंद पडलेलं छोटं घर. लाल पायवाट दारापर्यंत जात होती. दुसरा पर्याय होता औद्योगिक वसाहतीतलं, फरश्यांचं जुनं गोदाम. तिथे पायी जायला धड फुटपाथ नव्हता, पण पार्किंग भरपूर होतं. सभेत गिरीश उठून म्हणाला, "काका, रिअ‍ॅलिस्टिकली बोलायचं तर लोक ड्राइव्ह करूनच येणार. पार्किंग नसेल तर कुणी फिरकणार नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. मतदान झालं, काकांच्या बाजूने स्वतः काका, काकू आणि एक डॉक्टर एवढेच हात वर झाले. "मेजॉरिटी आहे. उत्तम," असं म्हणून पहिली टाळी काकांनीच वाजवली.

त्या टाळीने गिरीशला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती कुठेतरी कुसळासारखी रुतून बसली.

वास्तुशांत मे महिन्यात ठरली. बाकी सगळ्यांना अ‍ॅपवर मेसेज गेला. मोजक्या घरी मात्र गिरीश आणि अक्षया जोडीने गेले, नारळ, कुंकू, अक्षता घेऊन, रीतसर. हॉस्पिटलातले जुने डॉक्टर झाले, देवळाचे विश्वस्त झाले, गुजराती समाजाचे अध्यक्ष झाले. एका संध्याकाळी गाडीत अक्षया म्हणाली, "काकांकडे कधी जायचं?"

"काकांना काय आमंत्रण द्यायचं?" गिरीश म्हणाला. "ते यजमान आहेत. पूजेला तेच बसणार. गुरुजींना मी सांगितलंय तसं. दारात अक्षता घेऊन गेलो ना, तर हाकलून देतील. मला पाहुणा समजतोस का म्हणतील."

"अरे, पण ते यजमान आहेत हे त्यांना माहीत आहे का?"

"करतो ना फोन आदल्या दिवशी."

अक्षयाला ते पटलं नव्हतं, पण तिच्या डोक्यात जेवणाचा गोंधळ होता. आदल्या दिवशी वास्तूचं ड्रेन तुंबलं आणि गिरीश संध्याकाळपर्यंत प्लंबरच्या मागे होता. गंमत म्हणजे त्या तुंबलेल्या पाण्याकडे बघताना त्याला काकांचीच आठवण आली होती, आता काका असते तर सांगितलं असतं पाणी कुठे अडलंय ते. फोनची नाही आली.

सकाळी चौरंग सजला, दोन पाट मांडले गेले, आणि गुरुजींनी यजमानांना बोलवा म्हटल्यावर गिरीश मान उंच करून दाराकडे बघू लागला. काकांनी डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना घेऊन कोण येणार होतं? मंडळातले नकुल आणि दिया त्यांच्याच रस्त्यावर राहत. गिरीशने गृहीत धरलं होतं की नकुल आणेल. नकुल म्हणाला, "मला वाटलं तूच जाणार. ते तुझे ना." आपले काका म्हणजे सगळ्यांचे काका, आणि सगळ्यांचे म्हटल्यावर त्यांना आणायचं काम कुणा एकाचं नव्हतं. मुहूर्त संपत आला तशी गुरुजींची घाई वाढली. गिरीशने काकांच्या घरी फोन लावला. तो वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

तेव्हा गिरीश आणि अक्षयाच पाटावर बसले. लोकांनी फोटो काढले. खोटं कशाला सांगायचं, गिरीशला बरं वाटलं. नागपूरहून आई व्हिडिओवर बघत होती.

संध्याकाळी, खुर्च्या रचताना, त्याला काकांचा राग आला. पाट मांडून ठेवला आणि हा माणूस आला नाही, साधा फोन उचलला नाही. कशासाठी? तर जागा त्यांच्या मनासारखी नव्हती म्हणून. ते कुसळ आता त्याने स्वतःच्या बाजूने वळवून घेतलं. "रुसलेत," तो अक्षयाला म्हणाला. "रुसू देत. स्वतःहून फोन करतील." अक्षया म्हणाली, जाऊन ये एकदा. तो म्हणाला, जातो. पुढच्या आठवड्यात जातो म्हणता म्हणता जून गेला, शाळांच्या सुट्ट्या गेल्या, गणपती आले. गणपतीत काका दिसले नाहीत, तेव्हा गिरीशचा राग आणखी पक्का झाला. राग धरण्यात एक सोय असते, जावं लागत नाही.

संक्रांतीला मात्र त्याला राहवलं नाही. अक्षयाने केलेल्या तिळगुळाचा डबा घेऊन तो एकटाच निघाला. वाटेत गाडीत त्याने बोलायची तयारीही केली, की आधी तिळगूळ हातात द्यायचा आणि मग वाकून नमस्कार करायचा, म्हणजे त्यांना रागावता येणार नाही. बेल वाजवली. दार एका तरुण पोलिश बाईने उघडलं, कडेवर मूल होतं. ती हसून म्हणाली, ते म्हातारं जोडपं ना? ते सप्टेंबरातच गेले, घर विकलं. मुलाकडे गेले, लंडनच्या बाजूला. फार चांगली माणसं होती, बागेत पाणी कुठे साचतं तेसुद्धा दाखवून गेले.

गिरीश डबा घेऊन पायरीवर उभा राहिला. पन्नास वर्षं इथे काढलेला माणूस गाव सोडून गेला आणि शेकडो घरांच्या मंडळात कुणाला पत्ता नाही. नकुलला विचारलं तर तो म्हणाला, सप्टेंबरात व्हॅन पाहिली होती, पण मला वाटलं फर्निचर बदलतायत.

सुश्रुतचा नंबर मिळवून, रीतसर फोन करून, पुढच्या शनिवारी गिरीश लंडनजवळ क्रॉयडनला गेला. बरोबर तिळगूळ होता, आणि एका छोट्या डबीत कुंकू आणि अक्षता होत्या. मे महिन्यात वास्तूला वर्ष होणार होतं. या वेळी रीत चुकवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. सुश्रुतचा फ्लॅट उंच होता, खाली ट्रॅम जायच्या. सुश्रुत कामावर गेला होता. दार काकूंनी उघडलं. त्या वाळल्या होत्या.

"ये. ते खाली ब्रेड आणायला गेलेत. बस, चहा टाकते."

गिरीश बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुम्ही लोक न सांगता आलात."

"कुणाला सांगायचं होतं?" काकूंनी विचारलं. त्या भांडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

"मला. काकू, त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मी काकांसाठी पाट मांडला होता. यजमान ते होते."

काकूंनी गॅस बारीक केला. "हे तू आम्हाला कधी सांगितलंस?"

गिरीशने हातातला तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवला.

"ते पहाटेपासून तयार होते," काकू म्हणाल्या. "कोट घातला होता. आणि पिशवीत पूजेला नेसायचा कद घेतला होता, इस्त्री करून. मी म्हटलं, कद कशाला? तर म्हणाले, बसायला सांगितलं तर? ऐन वेळी कुठे धावायचं. मी पैठणी नेसले होते. दोघं पुढच्या खोलीत खिडकीशी बसलो. गाडी वाजली की ते उठायचे."

"काकू, एक फोन तरी..."

"मी म्हटलं, मी करते. ते म्हणाले, स्वतःच्या घरचं बोलावणं फोन करून मागायचं का? दुकानात दिया भेटली होती, येताय ना म्हणाली. ते काय बोलावणं झालं, गिरीश? तू त्या डॉक्टरांकडे अक्षता घेऊन गेलास, ते आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं. हे म्हणाले, आपल्याकडे शेवटी येईल, घरचं घर म्हणून. मग म्हणाले, न्यायलाच येईल. मुहूर्त टळायच्या बेताला फोन वाजला. मी उठले, तर हातानेच थांब म्हणाले."

"मी होतो तो."

"ठाऊक होतं ना आम्हाला." त्यांनी कप मांडले. "आता सांगायला हरकत नाही. सुश्रुत दोन वर्षं मागे लागला होता, इकडे या म्हणून. हे म्हणायचे, माझी माणसं आहेत इथे. आदल्या रात्री मला म्हणाले, लीला, उद्या कुणी न्यायला आलं ना, तर सुश्रुतला कायमचं सांगून टाकतो की आम्ही हलत नाही. आणि नाही आलं तर जाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी कोट काढून ठेवला आणि सुश्रुतला फोन केला."

गिरीशला वाटलं, आपण इथे ओक्साबोक्शी रडावं. ज्या माणसाला परका म्हणायला जीभ वळली नसती, त्याला नेमकं तेवढ्याच कारणाने परकं करून टाकलं होतं. आणि वर महिनोन्‌महिने राग धरला होता, तोही चूक स्वतःचीच असताना. काकूंनी त्याच्या हातात कप दिला. त्यांनी माफ केलं होतं की नाही ते कळेना. कदाचित माफ करण्याइतकं ते त्यांना आता जवळचं राहिलं नव्हतं.

तेवढ्यात काका आले. गिरीशला बघून त्यांचा चेहरा खरोखर फुलला. "अरे, गिरीश. कसा आहेस? अनुया काय म्हणते? आणि त्या वास्तूचं ड्रेन नीट झालं का? डॉक्टर सांगत होते, तुंबलं होतं म्हणून. तिथे उतारच उलटा आहे." त्याचं उत्तर पुरतं ऐकायच्या आतच त्यांनी त्याला खिडकीशी नेलं. "हे बघ क्रॉयडन. इथेही ओढाच होता म्हणतात. आता खाली पाइपात घातलाय. मी रोज थोडा थोडा शोधतोय कुठून जातो ते."

गिरीशने त्यांचा हात धरला. "काका, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही घरचे म्हणून मी बोलवलं नाही. आणि न्यायलाही आलो नाही."

"असू दे रे," काका म्हणाले. "मीही तसं यायला हरकत नव्हती. बसने आलो असतो, पुढे थोडं चाललो असतो. पण म्हातारपणी माणूस मानाला जरा जास्तच जपतो." ते बोलले आणि हसले, आणि तो विषय तिथेच मिटला.

गिरीशने डबी उघडली. पुरुषाने काकूंना कुंकू कसं लावायचं, म्हणून त्याने ते त्यांच्यापुढे धरलं, त्यांनीच स्वतःला लावून घेतलं. काकांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. "मे महिन्यात वर्धापनदिन आहे. पूजेला तुम्ही दोघांनी बसायचं. नक्की यायचं."

काकांनी अक्षता कपाळाला लावल्या. "येऊ की. बोलावलंस, येऊच."

गिरीशच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं.

"फक्त एक सांग," काका म्हणाले. "तिथे उतरायचं कुठे?"

"उतरायचं म्हणजे?"

"पूजा सकाळची, म्हणजे आदल्या दिवशी यावं लागणार. रात्री राहायची सोय बघायला हवी. तुझ्याकडे नको, अनुयाच्या परीक्षा असतील तेव्हा. सुश्रुत म्हणत होता, स्टेशनजवळ एक हॉटेल आहे, स्वच्छ आहे."

गिरीशने त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर पाय धरता आले असते. पण काका खरोखरच विचार करत होते, अनोळखी गावी लग्नाला जायचं ठरलं की माणूस करतो तसा, गाडी कुठली, सामान किती, उतरायचं कुणाकडे.

"आमच्याकडे उतरा, काका," तो कसाबसा म्हणाला.

"बघू," काका म्हणाले, यजमानाचं मन मोडू नये म्हणून पाहुणा म्हणतो तसं, आणि काकूंना विचारू लागले की मे महिन्यात तिकडे जायचं तर कोट लागेल की नुसता स्वेटर पुरेल.